जमिनीच्या कर्जाचा हप्ता कोण भरतो?

समर्थक : परवडणाऱ्या घरांवरची आपली सगळी चर्चा बांधकामाचा खर्च आणि गृहकर्जाचा व्याजदर या दोन गोष्टींभोवतीच फिरते. २०१५ साली पंतप्रधान आवास योजनेचा शहरी भाग सुरू झाला, तेव्हा भागीदारी तत्त्वावरच्या प्रकल्पांत केंद्राने गरिबांच्या घरामागे दीड लाख रुपये देऊ केले आणि गृहकर्जाच्या व्याजात साडेसहा टक्क्यांपर्यंत सवलत दिली. जमीन मात्र राज्याचा विषय म्हणून राज्यावर सोडली. राज्य ती महामंडळावर सोडतं आणि महामंडळ जी सरकारी जमीन हाताशी पडून आहे तिथे इमारती उभारतं, मग ती कामाच्या ठिकाणापासून कितीही लांब असो. खाजगी बिल्डरला निव्वळ जमीन घ्यायला बँकांनी कर्ज देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचे गृहवित्ताचे नियम सांगतात. सार्वजनिक संस्थांना मुभा आहे, पण जमीन ही रस्ते, गटारं, वीज यांच्यासह पूर्ण प्रकल्पाचा भाग असेल आणि प्रकल्प तीन वर्षांत पुरा होणार असेल तरच. आपल्याकडे तीन वर्षांत मोजणी, हरकती आणि मोबदल्याचे दावे एवढंच उरकलं तरी पुष्कळ. म्हणजे आज जमीन घ्यायची आणि शहर तिथे पोचेपर्यंत दहा-पंधरा वर्षं दम धरायचा, अशा कामासाठी आपल्या पतव्यवस्थेत पैसाच नाही. तो दम ज्याच्याकडे आहे तो मोठा गुंतवणूकदार आपला पैसा पुढे घराच्या किमतीतून वसूल करतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : सरकारने लांब मुदतीचं, कमी व्याजाचं कर्ज थेट जमीनखरेदीसाठी द्यावं आणि ते सार्वजनिक महामंडळांना आणि गरजूंच्या गृहनिर्माण संस्थांना द्यावं.

साशंक : तीन वर्षांची अट बँकवाल्यांनी उगाच घातलेली नाही. इमारत भाडं देते, कारखाना माल देतो, मोकळी जमीन काहीच देत नाही आणि व्याज मात्र रोज चढत राहतं. ९ टक्क्यांनी घेतलेले १०० रुपये आठ वर्षांत १९९ होतात. तुम्ही सवलत देऊन दर ५ टक्क्यांवर आणलात तरी आठ वर्षांनी १४८ होतातच, आणि मधला फरक सरकारी तिजोरीतून कुणीतरी भरलेला असतो. पण व्याज हा माझा दुय्यम आक्षेप आहे. मुख्य आक्षेप भावाचा. एखाद्या तालुक्यात जमीनखरेदीसाठी सरकारी पैसा येतोय अशी नुसती कुणकुण लागली, तरी तिथला भाव त्याच आठवड्यात हलतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव कसा काढतात ते पाहा : परिसरातली मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं घ्यायची, त्यातले चढ्या भावाचे अर्धे व्यवहार निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. ज्याला प्रकल्पाची खबर आधी लागते, तो दोन-चार चढी खरेदीखतं वेळेत नोंदवून ठेवतो. त्या सरासरीवर १०० टक्के दिलासा रक्कम, ग्रामीण भागात त्याआधी गुणकही. म्हणजे शहरात दुप्पट, गावात चौपटीपर्यंत. तुमच्या स्वस्त कर्जाची सगळी सवलत अशी विकणाऱ्याच्या खिशात जाते, आणि विकणारा दर वेळी मूळ शेतकरी असतोच असं नाही. घर घेणाऱ्यापर्यंत त्यातलं काय पोचतं?

समर्थक : भावाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, म्हणून तर कर्ज लवकर हवं. विकास आराखडा जाहीर होण्याआधी, रस्त्याची आखणी होण्याआधी. ब्रिटनने १९४६ च्या नवनगर कायद्याने हेच केलं. विकास महामंडळांना सरकारी खजिन्यातून ६० वर्षांच्या मुदतीचं कर्ज मिळालं, सुरुवातीच्या नगरांसाठी जमीन शेतीच्या भावाच्या आसपास घेतली गेली, आणि शहर वसल्यावर जी किंमत वाढली ती दुकानांच्या, कारखान्यांच्या भाड्यातून महामंडळाकडे येत राहिली. आपल्याकडे नवी मुंबई याच विचारातून उभी राहिली. ती वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची, सुरुवातीचं भागभांडवल अवघं ३ कोटी ९५ लाख. त्यावर ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राचं शहर. भूखंड विकून टाकले नाहीत, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. व्यापारी भूखंडांच्या उत्पन्नातून रस्ते झाले, पाणी आलं. मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे आली तिच्या खर्चातला सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. जमिनीच्या वाढत्या किमतीवर स्वतःच्या सोयी उभ्या करणारं एवढं मोठं दुसरं शहर आपल्या राज्यात नाही. थोड्या भांडवलावर, योग्य वेळी घेतलेली जमीन काय करू शकते याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

साशंक : पुरावा आहे, पण तुम्ही समजता त्याचा नाही. ३ कोटी ९५ लाखांत ते शहर उभं राहिलं, कारण खरं भांडवल दुसऱ्यांनी घातलं होतं. आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातशेतीचा आणि मिठागरांचा जो भाव तेव्हा देऊ केला गेला, त्यात उद्याच्या शहराची किंमत धरलेली नव्हती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं, आणि त्यातले बरेच भूखंड मिळण्याआधीच करारनाम्याने बिल्डरकडे गेले. नवी मुंबईला सगळ्यांत स्वस्त कर्ज कुणी दिलं असेल तर त्या गावांनी. बिनव्याजी दिलं आणि मुद्दल मागायला त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. आता दुसरी बाजू बघा. एवढ्या स्वस्तात जमीन मिळाली, मग घर तरी स्वस्त राहिलं का? जानेवारी २०२५ मध्ये सिडकोने आपल्या सोडतीतल्या घरांच्या किमती जाहीर केल्या, तेव्हा वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत ७४ लाखांच्या पुढे होती. त्यातले ८० टक्के कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, तर हप्ता महिन्याला ५१ हजारांच्या वर जातो. वर्षाला ९ लाख कमावणाऱ्या कुटुंबाच्या हातात महिन्याला ७५ हजार येतात. ज्यांच्यासाठी सोडत काढली त्यांनीच किमती कमी करा म्हणून ओरड केली. ज्या संस्थेला या राज्यात सर्वांत स्वस्त जमीन मिळाली तिच्या घराची ही गत असेल, तर स्वस्त जमिनीतून स्वस्त घर निघतं हे तुमचं गृहीतकच तपासायला हवं.

समर्थक : दोन्ही आरोप मला मान्य आहेत, पण त्यांचा रोख वेगळीकडे जातो. सिडकोने जमीन घेतली ही चूक नव्हती. जमीन घेतल्यावर तिच्या वाढत्या किमतीवर कुणाचा हक्क, हे कुठेच लिहून ठेवलं नाही, ही चूक होती. हक्क लिहिलेला नसला की संस्था तो स्वतःकडे घेते. तिच्यापुढे पूल, मेट्रो, विमानतळ अशी कामं येतात, सरकार पैसे देत नाही, मग ती निविदा काढून सर्वांत चढ्या बोलीला भूखंड देते आणि तोच भाव तिच्या सोडतीच्या घरांच्या हिशेबातही शिरतो. कर्जाची गोष्ट वेगळी असू शकते, कारण कर्जाला करार असतो. त्या करारात अटी घालता येतात : ही जमीन कायम सार्वजनिक मालकीची राहील, घराची किंमत बाजारभावावर ठरणार नाही तर त्या गटाच्या उत्पन्नावर ठरेल, दुकानांचं भाडं आधी कर्जफेडीकडे वळेल. अटी मोडल्या तर धनको जाब विचारील. केंद्राची गृहवित्त संस्था हुडकोही १९७० सालचीच. राज्यांच्या गृहनिर्माण मंडळांना ती बहुधा राज्याच्या हमीवर कर्ज देत आली. त्या करारांत परतफेडीची हमी काटेकोरपणे तपासली जाते. घराच्या किमतीची हमी तितक्याच काटेकोरपणे तपासायला काय हरकत आहे?

साशंक : हरकत एवढीच की जाब विचारणारा आणि जाब देणारा एकच असतो. धनको सरकारी, ऋणको सरकारी, हमीदार सरकारच. दिल्लीचा दाखला घ्या. १९६१ साली केंद्राने दिल्लीतल्या जमिनीचं मोठ्या प्रमाणावर संपादन, विकास आणि वाटप करण्याची योजना आणली. त्यासाठी ५ कोटींचा फिरता निधी दिला : जमीन घ्या, विकसित करा, विका, आलेल्या पैशातून पुढची घ्या. पैशाच्या हिशेबात ही योजना अजिबात बुडाली नाही, निधी खरंच फिरत राहिला. पण जमीन एकाच दुकानात आणि त्या दुकानाचा वेग सरकारी, त्यामुळे कारकून, फेरीवाला, गिरणीकामगार यांनी वाट पाहिली नाही. त्यांनी शेतकऱ्याकडून साध्या कागदावर तुकडे घेतले आणि घरं बांधली. २०१९ साली संसदेला कायदा करून दिल्लीतल्या १,७३१ अनधिकृत वसाहतींतल्या रहिवाशांचे मालकी हक्क मान्य करावे लागले. तुमच्या करारातली कर्जफेडीची अट दिल्लीत पाळली गेली असं म्हणता येईल, घराची अट कोसळली. आणि एक विचारतो. त्याच सिडकोने नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात जमीन विकत घेण्याचा मार्गच सोडला. तिथे नगररचना योजना आहेत : मालक साधारण ६० टक्के जमीन रस्ते, बागा, सोयींसाठी देतो, ४० टक्के विकसित भूखंड आणि वाढीव चटईक्षेत्र घेऊन मोकळा होतो. खरेदी नाही, कर्ज नाही, व्याज नाही. हडपसरला मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनीही जमीन विकली नाही, एकत्र करून तिच्यावरच्या कंपनीत भागधारक झाली. जमीन न विकता शहर होत असेल तर कर्ज काढायचं कशाला?

समर्थक : कारण त्या वाटांनी शहर होतं, गरिबाचं घर होत नाही. मगरपट्टा शेतकऱ्यांच्या शहाणपणाचा चांगला नमुना आहे, पण तिथल्या सदनिका कुणी घेतल्या ते पाहा. नगररचना योजनेत मालकाला त्याच्या ४० टक्क्यांची किंमत कित्येक पटींनी वाढून मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवी मुंबईसारखा अन्याय टळला हे बरंच झालं. पण दुर्बल घटकांच्या घरांसाठी गुजरातच्या कायद्यानेही सुमारे १० टक्क्यांपर्यंतच जमीन राखण्याची तरतूद केली आहे, आणि योजनेची आखणी मालकांच्या हद्दी सांभाळून होत असल्याने ती जमीन स्टेशनजवळ पडेल की नाल्याकाठी, याचा भरवसा नसतो. शिवाय ही वाट शहराच्या कडेला चालते. शहराच्या पोटात बंद पडलेला कारखाना आहे, ट्रस्टची जमीन आहे, तिथे कोण कुणाबरोबर जमीन एकत्र करणार? तिथे विकतच घ्यावी लागते. फुकटात घेण्याचा प्रयोगही आपण करून बसलो. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने जादा जमिनीला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १० रुपये आणि एकूण दोन लाखांची मर्यादा घातली. परिणाम काय? सवलतीचे अर्ज, कोर्टकज्जे, आणि मोठ्या मालकांना सूट. केंद्राने कायदा १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. मालकाला पैसे न देता जमीन मिळत नाही आणि एकदम देण्याएवढे पैसे कुणाकडे नाहीत. मग कर्जाशिवाय तिसरा मार्ग सांगा.

साशंक : मार्ग सांगण्याआधी तुमच्या कारखान्याच्या जमिनीचा हिशेब करू. शहराच्या पोटातल्या जमिनीचा आजचा बाजारभाव कुठून येतो? तिथे उद्या जास्तीत जास्त किमतीची किती घरं बांधता येतील, त्यातून. म्हणजे महागड्या घराची किंमत त्या भावात आधीच बसलेली आहे. तो भाव मोजून जमीन घेतलीत की मुद्दलच गरिबाच्या आवाक्याबाहेर गेलं. मग व्याज ९ टक्के असो, ५ असो की शून्य. कर्ज फक्त वेळ विकत घेतं, किंमत कमी करत नाही. किंमत दोनच गोष्टींनी कमी होते : एकतर मालकाला कमी द्या किंवा करदात्याकडून उघडपणे अनुदान घ्या. आपल्या राज्यात दुसऱ्या प्रकारचं एक छोटं, पण प्रामाणिक उदाहरण आहे. ग्रामीण घरकुलाच्या भूमिहीन लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी ५० हजार, आता १ लाखापर्यंत अर्थसहाय्य मिळतं. ते अनुदान आहे, कर्ज म्हणून दिलेलं नाही, कारण परत येणार नाही हे सरकारला ठाऊक आहे. शहरालगतच्या गावात मात्र एक लाखात ५०० फूट मिळत नाहीत, हेही तितकंच खरं. पण त्या योजनेत खर्च कुणाचा आणि किती, हे अर्थसंकल्पात दिसतं. कर्जाची खरी अडचण हीच आहे, की ते अनुदान असूनही तसं दिसत नाही. महामंडळाच्या ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून बसतं आणि दहा वर्षांनी लिलावाची जाहिरात होऊन बाहेर येतं.

समर्थक : मग आपल्यातलं अंतर कमी झालं. शहराच्या आतली, भाव चढलेली जमीन कर्जाने स्वस्त होणार नाही. तिथे उघड अनुदान किंवा आरक्षण, हे मी मानतो. कर्जाचं काम शहर पोचण्याआधीच्या पट्ट्यात आहे, तेही काही अटींवर. भाव एका आधीच्या, जाहीर तारखेवर गोठवायचा, म्हणजे खबर लागून नोंदवलेल्या खरेदीखतांचा उपयोग होणार नाही. शेतकऱ्याला त्या भावावर न थांबवता पुढच्या वाढीत कायमचा वाटा द्यायचा, दरसालच्या उत्पन्नाच्या रूपाने, म्हणजे साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकून तो मोकळा होणार नाही. घराखालची जमीन भाडेपट्ट्यानेच राहील. आणि अनुदान वेगळ्या रकान्यात दिसेल. मोकळ्या भूखंडावर काय होऊ शकतं ते कांदिवलीच्या चारकोपला दिसतं. १९८५ च्या जागतिक बँकेच्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात लहान भूखंड आखले, रस्ते आणि गटारं टाकली, मधल्या मोकळ्या चौकाभोवती घरं येतील अशी मांडणी केली आणि बांधायचं काम कुटुंबांवर सोडलं. व्यापारी भूखंडांच्या विक्रीतून लहान भूखंड स्वस्त ठेवले. सुरुवातीला रेंगाळलेली ती वस्ती आज भरलेली आहे आणि तिथे नाना उत्पन्नगटांची माणसं राहतात.

साशंक : चारकोपला जमीन सरकारची होती, तिच्यावर कर्जाचं ओझं नव्हतं, हे विसरू नका, म्हणून थांबणं परवडलं. बाकी तुमच्या अटी मला आवडल्या, पण त्या पाळल्या जातील का याचा विचार करा. कर्ज ६० वर्षांचं आणि सरकार पाच वर्षांचं. भाडेपट्टा संपवा, आम्हाला मालकी द्या, ही मागणी नवी मुंबईत वर्षानुवर्षं होते आहे आणि कुठल्याही पक्षाला ती नाकारणं जड जातं. मालकी दिली की पहिल्या लाभार्थ्याच्या हातात सारी वाढ पडते आणि दुसरा घर घेणारा बाजारभावाने घेतो. म्हणजे घर एका पिढीपुरतंच परवडणारं राहिलं. आणि अगदी सगळं पाळलं असं धरलं तरी हिशेब जुळतो का बघा. जमिनीच्या वाढीवर आता तिघांनी हात ठेवला : शेतकऱ्याचा वाटा, घरात राहणाऱ्याला भाववाढीपासून संरक्षण, आणि कर्जाची परतफेड. नवी मुंबईत हिशेब जुळला, कारण पहिल्याला वगळलं. आज जुळतो, कारण दुसऱ्याला वगळतो. तिघांनाही धरलंत तर कर्ज फेडायला काय उरतं?

समर्थक : शेजाऱ्यांची वाढ उरते. महामंडळ जमीन घेतं, रस्ता आणि पाणी आणतं आणि सभोवतालच्या शेकडो एकरांचा भाव फुकटात चढतो. त्यातला काही भाग कर्जफेडीकडे का वळवू नये? मेट्रो येणार म्हणून मुंबई, पुणे, नागपूर इथल्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार आपण लावतोच की. रुळांसाठी चालतं ते घरांसाठी का चालू नये?

साशंक : कारण मुद्रांकाचा अधिभार खरेदी करणारा भरतो, म्हणजे पुन्हा घर शोधणारा माणूसच. जो जमीन विकत नाही, नुसती धरून बसतो, त्याला एक पैसाही पडत नाही; आणि भाव चढवून ठेवणारा नेमका तोच असतो. पडीक जमिनीवर दरसाल कर लावणारं सरकार तुम्ही मला दाखवा, मग मी तुमच्या कर्जाच्या बाजूने बोलेन. तोवर या कर्जाचा हप्ता शेतकरी भरील, घर घेणारा भरील किंवा करदाता भरील. ज्याला त्याचा सगळ्यांत जास्त फायदा होतो, तो सोडून सगळे भरतील.

समर्थक : तो कर मलाही हवा आहे. पण त्याची वाट बघत जमीनखरेदी थांबवली, तर तेवढ्या काळात शहरालगतचा पट्टा धरून बसणाऱ्यांच्याच ताब्यात जाईल, आणि कर लावण्याची हिंमत एखाद्या सरकारला झाली त्या दिवशी सार्वजनिक मालकीची जमीनच उरलेली नसेल. आधी कर की आधी जमीन, हा क्रम लावल्याशिवाय आपल्या दोघांचंही म्हणणं अर्धंच राहतं, आणि हा क्रम कुठलीही बँक लावून देणार नाही.